अर्ध्या पगारावरचं भौतिकशास्त्र

फ्रेंच लष्करातला इंजिनिअर अधिकारी सादी कार्नो १८१९ साली रजेवर गेला. नोकरी सुटली नव्हती, पण हजेरीही द्यायची नव्हती. पगार मात्र अर्धा. वय जेमतेम तेवीस. पाच वर्षांपूर्वी पॅरिस वाचवण्याच्या लढाईत तो व्हॅन्सेनला लढला होता आणि त्यानंतर गावोगावच्या तटबंद्यांचे नकाशे आणि अहवाल लिहून कंटाळला होता. रजा मिळताच पॅरिसमध्ये राहून तो व्याख्यानांना जाऊन बसू लागला, कारखाने बघू लागला आणि वाफेच्या इंजिनात उष्णतेचं नेमकं होतं काय, याच्या मागे लागला. १८२४ साली त्याचं एक छोटं पुस्तक आलं. फारसं कुणी वाचलं नाही. आणखी आठ वर्षांनी, छत्तिसाव्या वर्षी, तो पटकीने गेला. आज उष्मागतिकीचा (थर्मोडायनॅमिक्सचा) दुसरा नियम शिकवायचा तर सुरुवात त्याच्यापासून करावी लागते.

या गोष्टीत मी अडकतो तो ‘अर्धा पगार’ या दोन शब्दांपाशी.

सैन्यातून बाहेर पडलेल्या कुणी भौतिकशास्त्राच्या संशोधनात जायचं म्हटलं की लोक दोन सुरांत बोलतात. एक कौतुकाचा. शिस्त आहे, जिद्द आहे, याला काय अवघड! दुसरा काळजीचा, जरा खालच्या पट्टीतला. वय झालं, गणित गंजलं, आता कशाला हा नाद? मला दोन्ही सूर चुकीचे वाटतात. नुसत्या शिस्तीवर भौतिकशास्त्र चालत नाही, आणि गणितावरचा गंज निघतो. खरा प्रश्न एवढाच की, तो निघेपर्यंतच्या दोन-तीन वर्षांत त्या माणसाच्या घराची चूल कोण पेटती ठेवणार? माझं म्हणणं, ती समाजाने पेटती ठेवावी. उपकाराची परतफेड म्हणून केलं तरी हरकत नाही, पण मला त्यात भौतिकशास्त्राचाच स्वार्थ दिसतो.

या विषयावर बोलताना पॅट्रिक ब्लॅकेटचं नाव हमखास निघतं, आणि त्याची निम्मी गोष्ट हमखास गाळली जाते. पोरवयातच तो ब्रिटिश नौदलाच्या शाळेत गेला. १९१४ च्या डिसेंबरात फॉकलंडच्या लढाईत होता तेव्हा सतरा वर्षांचा. १९१६ साली जटलंडच्या लढाईत ‘बारहॅम’ या युद्धनौकेवर. आपल्या तोफांचा नेम जर्मनांच्या मानाने फारच कच्चा आहे, हे त्याने तिथे डोळ्यांनी पाहिलं आणि विज्ञानाची पुस्तकं वाचायला घेतली. १९१९ च्या जानेवारीत तो केंब्रिजला पोचला, काही आठवड्यांत त्याने नौदलाचा राजीनामा द्यायचं ठरवलं आणि पुढे भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्डच्या हाताखाली गेला. १९४८ चं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं. गोष्ट इथे संपवली की ती एका धाडसी तरुणाची गोष्ट होते.

गाळलेला भाग असा की केंब्रिजला तो आपल्या हिमतीवर गेलाच नव्हता. युद्धामुळे ज्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं अशा शेकडो तरुण अधिकाऱ्यांना नौदलानेच तिथे सहा महिन्यांच्या अभ्यासाला धाडलं होतं. म्हणजे दार आतून उघडलं गेलं होतं, भाडं भरलेलं होतं, आणि शिक्षणात पडलेला खंड हा उमेदवाराचा दोष न समजता धाडणाऱ्याची जबाबदारी मानला गेला होता. दुसरी गाळलेली गोष्ट आमच्या बाजूच्या लोकांना अडचणीची आहे, तरी सांगतो. केंब्रिजला आला तेव्हा ब्लॅकेट एकवीस वर्षांचा होता. दहा-बारा वर्षं नोकरी करून, घरसंसार पाठीशी घेऊन तेहतिसाव्या वर्षी कलनशास्त्राचं पुस्तक उघडणाऱ्या माणसाला ब्लॅकेटचं उदाहरण देणं म्हणजे त्याची थट्टाच.

तरीही ब्लॅकेटचं पहिलं मोठं काम जवळून बघण्यासारखं आहे. रदरफोर्डने १९१९ मध्ये दाखवलं होतं की नायट्रोजनवर अल्फा कणांचा, म्हणजे हेलियमच्या अणुकेंद्रांचा, मारा केला की अधूनमधून प्रोटॉन बाहेर पडतो. पण मारा करणाऱ्या अल्फाचं काय होतं? तो धडकून पुढे निघून जातो, की अणुकेंद्रात गिळला जातो? क्लाउड चेंबरमध्ये, म्हणजे बाष्पाने भरलेल्या काचेच्या कुपीत, विद्युतभारित कण गेला की त्याच्या वाटेवर थेंबांची बारीक रेघ उमटते आणि क्षणात विरून जाते. टकरीच्या जागी रेघेला तीन फांद्या फुटल्या तर अल्फा निघून गेला, दोनच फुटल्या तर गिळला गेला. झालं, एवढंच बघायचं. फक्त अशी टक्कर हजारोंत एखादीच होते. ब्लॅकेटने कुपीचा दट्ट्या आणि कॅमेरा आपोआप चालत राहील असं यंत्र बसवलं आणि सुमारे २३,००० छायाचित्रं घेतली. त्यांत अल्फा कणांच्या चार लाखांच्या आसपास रेघा. प्रोटॉन बाहेर पडल्याच्या टकरी निघाल्या आठ, आणि आठही ठिकाणी फांद्या दोनच. अल्फा गिळला जात होता आणि नायट्रोजनचा ऑक्सिजन होत होता.

चार लाखांत आठ! हे वाचल्यावर कुणालाही म्हणावंसं वाटेल की बघा, पहाऱ्याची सवय कामी आली. असेलही. पण मला त्या यंत्राचं अप्रूप जास्त आहे. सारखा बिघडणारा दट्ट्या आणि सारखा अडकणारा कॅमेरा महिनोन् महिने चालू ठेवणं हे वेगळंच कसब आहे, आणि ते पदवीच्या वर्गात कुणी शिकवत नाही.

हे कसब मी एकदा समोर पाहिलं आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातली प्रयोगशाळा. निर्वात नळकांड्यातला दाब रात्रभर पंप चालवूनही हवा तितका उतरेना. गेजवरचा आकडा एका जागी येऊन बसलेला. पीएचडीचा विद्यार्थी हुशार होता, घाईला आला होता, आणि दिसेल तो बोल्ट आवळत सुटला होता. शेजारी पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी उभा होता, वय तेहतीस, आधी नौदलात सोनारची, म्हणजे ध्वनीने पाण्याखालचा वेध घेणाऱ्या यंत्राची, दुरुस्ती करणारा. त्याने काही न बोलता पाना काढून घेतला. मग एकेक झडप बंद करत नळकांड्याचा एकेक भाग वेगळा पाडला, प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबून दाब कसा चढतो ते बघितलं आणि लॉगबुकात लिहिलं. वेळ, झडप, आकडा. वेळ, झडप, आकडा. शेवटी एक झाकण उघडलं, तर आतल्या रबरी कड्यावर एक केस आडवा पडलेला. माणसाच्या डोक्याचा, साधा. तो पुसून काढला आणि सकाळी दाब उतरला.

दोनच दिवसांनी हाच माणूस मॅक्सवेलच्या समीकरणांवरून तरंगसमीकरण काढताना ‘कर्लचा कर्ल’ या गणिती पायरीपाशी अडखळून बसला होता. नऊ वर्षं त्याने सदिशांचं गणित केलं नव्हतं. बाजूची एकोणीस वर्षांची मुलगी ते गाणं गुणगुणावं तसं सोडवत होती. तिच्याबद्दल त्याला राग नव्हता. तो वहीकडे बघत होता तसा काही वर्षांपूर्वी न चालणाऱ्या सोनारकडे बघत असेल.

शिस्तीवरून मी जरा तिरकस बोललो त्याचं कारण हेच. केस सापडला तो हुकूम पाळण्याच्या सवयीमुळे नव्हे. उलट, ठरलेली कृती करूनही यंत्र ऐकत नाही तेव्हा कुठली कृती मोडायची, हे त्याला ठाऊक होतं म्हणून. संशोधनात आज्ञाधारकपणाला काडीची किंमत नाही. वरिष्ठांचं गृहीतक चुकलं आहे असं भर बैठकीत म्हणावं लागतं, आणि काही माजी सैनिकांना ते सुरुवातीला जमत नाही. ते सूचनेची वाट बघतात. मार्गदर्शकाला वाटतं, याला पुढाकार नाही. त्याला वाटतं, अजून आदेश आला नाही. दोघांनी एकदा बसून बोललं तर हे महिन्याभरात सुटतं, पण बोलत नाहीत.

आता पैशाकडे येतो. सैनिकांच्या शिक्षणाचा सगळ्यात मोठा प्रयोग अमेरिकेने केला. जीआय बिल म्हणून ओळखला जाणारा कायदा २२ जून १९४४ रोजी झाला. वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी, वर महिन्याचा निर्वाहभत्ता, आणि सेवेच्या कालावधीनुसार जास्तीत जास्त ४८ महिने. त्या वेळच्या शिकागो विद्यापीठाच्या प्रमुखाने, रॉबर्ट हचिन्सने, या कायद्याने विद्यापीठांची भटक्यांची वसती होईल अशा अर्थाचा इशारा दिला होता. आजही माजी सैनिकाचा अर्ज समोर आला की निवड समितीतल्या एखाद्याच्या कपाळावर जी आठी पडते, ती त्याच जातीची. प्रत्यक्षात सुमारे २२ लाख माणसं या कायद्यावर महाविद्यालयात गेली आणि १९४७ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयांचे जवळपास निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. (सगळ्यांना सारखा लाभ मिळाला नाही, हेही इथेच नोंदवायला हवं. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय सैनिकांना कायद्याने दिलेला हक्क बऱ्याच ठिकाणी वापरताच आला नाही. त्यांतले किती जण प्रयोगशाळेपर्यंत पोचलेच नाहीत, याचा हिशेब कुणीच मांडू शकणार नाही.)

या लाटेतून आलेला एक माणूस म्हणजे क्लाइड कोवन. शिक्षणाने रासायनिक अभियंता, युद्धात हवाई दलाचा कॅप्टन, रडारवर काम केलेला. १९४६ मध्ये सेवेतून मोकळा झाला, जीआय बिलावर सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि १९४९ मध्ये भौतिकशास्त्रात पीएचडी झाला. १९५६ साली त्याने आणि फ्रेडरिक राइन्सने न्यूट्रिनो पकडला. भौतिकशास्त्रज्ञ पाउलीने १९३० मध्ये कल्पिलेला, जवळजवळ कशाशीच न धडकणारा, आणि कधी सापडेल असं त्याला स्वतःलाही न वाटलेला कण. अणुभट्टीपासून ११ मीटरवर, जमिनीखाली १२ मीटर खोल त्यांनी द्रावणाच्या टाक्या ठेवल्या आणि महिनोन् महिने प्रकाशाच्या लकाकी मोजल्या. राइन्सला नोबेल मिळालं ते १९९५ मध्ये. कोवन १९७४ सालीच वारला होता. लष्कराच्या सिग्नल कोअरमधून, म्हणजे संदेशवहन दलातून, १९४६ मध्ये सुटून कोलंबिया विद्यापीठात आलेला लिओन लेडरमन हाही याच पिढीतला. पदवी रसायनशास्त्राची, पीएचडी भौतिकशास्त्रातली, नोबेल १९८८ चं.

पलीकडे, सोव्हिएत रशियातही तेच चित्र होतं. निकोलाय बासोव लाल सेनेत डॉक्टरांचा सहायक म्हणून आघाडीवर होता, १९४५ च्या डिसेंबरात सुटला आणि पदवीधर झाला तो १९५० मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी. दोनदा जखमी होऊन प्रयोगशाळेत परतलेल्या प्रोखोरोवबरोबर त्याने मेसरचा, म्हणजे लेसरच्या आधीच्या सूक्ष्मतरंगी भावंडाचा, पाया घातला, आणि १९६४ चं नोबेल दोघांना अमेरिकेच्या टाउन्सबरोबर मिळालं. लेसर आज दुकानातल्या किमतीच्या पट्ट्या वाचतो. त्याच्या घराण्यात एक फेल्डशर, म्हणजे डॉक्टरांचा सहायक, आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं.

यावर एक सरळ आक्षेप येतो, आणि तो मला पटतो. त्या काळी सगळी पिढीच युद्धात ओढली गेली होती. सैन्यात गेले नसते तरी हे लोक भौतिकशास्त्रातच आले असते. आजचा स्वेच्छेने भरती झालेला सैनिक वेगळा. त्याने अठराव्या वर्षी विद्यापीठ सोडून सैन्य निवडलं, बहुधा पैशासाठी, कधी घर सोडायला मिळावं म्हणून. त्याच्यातला प्रत्येक जण कोवन कशावरून? अर्थात नाही. पण अठराव्या वर्षी विद्यापीठात गेलेला प्रत्येक जण तरी कोवन कुठे असतो? तिथे आपण शंभर जण आत घेतो, त्यांतले पाच-दहा संशोधनात टिकतात, आणि उरलेल्यांवरचा खर्च वाया गेला असं कुणी म्हणत नाही. मग सैनिकाच्याच बाबतीत आधी हमी का मागायची?

आणि हमी मागायची तर रचनेकडेही बघावं लागेल. अमेरिकेचा आजचा मुख्य कायदा २००९ पासून लागू आहे. त्यात ३६ महिन्यांचं शिक्षण मिळतं. पदवीची चार वर्षं, प्रत्येकी नऊ महिन्यांची, म्हणजे बरोबर ३६. हिशेब नेमका आहे आणि तिथेच घोडं पेंड खातं. भौतिकशास्त्राचे विषय जिन्यासारखे एकावर एक असतात. कलन झाल्याशिवाय यामिकी नाही, अवकल समीकरणं झाल्याशिवाय पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) नाही. ज्याला आधी बीजगणित आणि त्रिकोणमिती उजळून घ्यायची आहे त्याचं पहिलं वर्ष जिन्याच्या तळाशीच जातं, आणि शेवटच्या वर्षी, पीएचडीसाठी अर्ज करायच्या वेळी, खातं रिकामं. इतिहास किंवा व्यवस्थापन शिकणाऱ्याला हा फटका इतका बसत नाही. २०१७ च्या कायद्याने विज्ञान-अभियांत्रिकी शिकणाऱ्यांसाठी आणखी नऊ महिन्यांपर्यंत, जास्तीत जास्त ३०,००० डॉलरची शिष्यवृत्ती ठेवली. म्हणजे अडचण कुठे आहे ते कायदा करणाऱ्यांनाही कळलं होतं.

त्याहून कमी दिसणारी एक अडचण सुट्टीत आहे. दोन सत्रांमधल्या सुट्टीचा वसतिभत्ता २०११ पासून बंद झाला. आता पदवीचा विद्यार्थी संशोधन शिकतो कधी? उन्हाळ्याच्या सुट्टीत. दहाएक आठवडे एखाद्या प्रयोगशाळेत राहून, थोड्या मानधनावर. पुढे पीएचडीला प्रवेश देताना समिती गुणांइतकंच याच कामाकडे आणि त्यातून मिळणाऱ्या शिफारसपत्राकडे बघते. हे उन्हाळी उपक्रम आखताना डोळ्यांसमोर वीस वर्षांची, वसतिगृहात राहणारी, एका पिशवीत संसार मावणारी मुलं असतात. ज्याला घरभाडं आहे आणि शाळेत जाणारं मूल आहे, त्याला ते दहा आठवडे परवडत नाहीत. त्याच्या अर्जात मग तो रकाना कोरा राहतो, आणि समितीला वाटतं, याला संशोधनात रस नसावा.

श्रेयांकांचंही (क्रेडिट्सचंही) तसंच. अमेरिकी नौदलाच्या अणुऊर्जा शाळेत सहा महिने गणित, अणुभट्टीचं भौतिकशास्त्र, उष्णतावहन असं पिळून घेतात, आणि पुढे खऱ्या भट्टीवर सराव. हे शिकून वर्षानुवर्षं पाणबुडीतली भट्टी सांभाळलेल्या माणसाला विद्यापीठ पुष्कळदा श्रेयांक देतं, पण ‘ऐच्छिक’ खात्यात टाकून. पदवीच्या मुख्य विषयांना ते चालत नाहीत. मी विद्यापीठाची बाजूही समजू शकतो. प्रमाणपत्रावरून कुणाला किती येतं ते कळत नाही. मग परीक्षा घ्या. पहिल्याच आठवड्यात, प्रत्येक विषयाची, उत्तीर्ण झाला तर सूट आणि नापास झाला तर वर्गात. लष्करातल्या माणसाला परीक्षेची भीती घालायची गरज नाही, आणि दयेचे गुणही त्याला नको असतात.

वयाबद्दल दोन शब्द. विशीत मोठा शोध लागला नाही तर भौतिकशास्त्रात काही खरं नाही, ही समजूत पुंजयामिकीच्या सुरुवातीच्या पाच-सात वर्षांवरून पसरली आणि अजून जात नाही. त्याच काळातला लुई द ब्रॉयली पहिल्या महायुद्धात आयफेल टॉवरच्या लष्करी रेडिओ केंद्रावर होता, सुटला १९१९ मध्ये, आणि कणाला तरंग मानणारा प्रबंध त्याने लिहिला १९२४ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी. अर्थात त्याला घरभाड्याची चिंता नव्हती. घराणं उमरावाचं, आणि थोरल्या भावाची प्रयोगशाळा घरातच. (तो भाऊही नौदल सोडूनच भौतिकशास्त्रात आलेला.) इथेही सैन्यातल्या वर्षांचा खंड भरून निघाला तो फुरसतीने, आणि फुरसत होती ती पैशाने. संशोधनाच्या शिष्यवृत्त्यांना वयाची अट घालण्याऐवजी पीएचडीनंतरची वर्षं मोजावीत. युरोपीय संशोधन परिषद सुरुवातीच्या अनुदानांसाठी तसंच करते, त्यामुळे हे अव्यवहार्य आहे असं कुणी म्हणू नये.

‘एवढा खटाटोप कशाला? संरक्षण कंपन्या त्याला दुप्पट पगारावर घ्यायला तयार आहेत,’ असंही म्हटलं जातं. ज्याला जायचं आहे त्याने जावं. पण युद्धाशी भौतिकशास्त्राचं नातं किती जुनं आणि किती घट्ट आहे ते आपण जाणतो, आणि त्या नात्याबद्दल बोलणारी बहुतेक माणसं युद्ध लांबून पाहिलेली असतात. ब्लॅकेट दुसऱ्या महायुद्धात पुन्हा नौदलाच्या कामाला लागला, या वेळी कागद-पेन्सिल घेऊन. जहाजांचे ताफे लहान असावेत ही जुनी समजूत त्याच्या गटाने आकडे तपासून खोडून काढली. पाणबुड्या जी जहाजं बुडवत त्यांची संख्या ताफ्याच्या आकाराप्रमाणे वाढत नव्हती, म्हणून मोठे ताफे जास्त सुरक्षित. तोच ब्लॅकेट शहरांवरच्या सरसकट बाँबफेकीच्या आणि नंतर ब्रिटनने अणुबाँब करण्याच्या विरोधात उभा राहिला, आणि त्याची किंमतही त्याने मोजली. त्याचं प्रत्येक मत बरोबर होतं असं नाही. पण जटलंडला तोफखान्यात उभा राहिलेला माणूस समितीत बसला की चर्चेला जे वजन येतं, ते अहवाल वाचून येत नाही.

तर मागणी फार मोठी नाही. गणित उजळण्याचं एक वर्ष मूळ हक्काबाहेर, वेगळं धरावं. सुट्टीत प्रयोगशाळेत काम करणाऱ्याचा भत्ता चालू ठेवावा. श्रेयांक परीक्षा घेऊन द्यावेत, आणि लष्करातल्या वरिष्ठांनी केलेलं मूल्यमापन वाचायला समितीने शिकावं. सोनार सात वर्षं चालू ठेवला, या वाक्यात संशोधनाचा अनुभव दडलेला असतो. राखीव जागा मी मागत नाही.

केस सापडलेल्या त्या माणसाचं पुढे काय झालं, असं कुणी विचारेल. त्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत एक जागा होती आणि प्राध्यापकांनी ती त्यालाच देऊ केली होती. मानधनात त्याचं घरभाडं निघत नव्हतं. तीन महिने त्याने लिफ्टच्या देखभालीचं काम केलं. सत्र सुरू झाल्यावर तो परत आला तेव्हा गेजवरचा आकडा पुन्हा चढलेला होता, आणि लॉगबुकात तो गेल्यानंतरची एकही नोंद नव्हती.